लिब्रेऑफिस रायटर: एका मजकुरातून तीन मॅन्युअल काढायची असतील तर

मी कोल्हापुरात पंपांची मॅन्युअल लिहिते. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या छोट्या कंपन्यांची कामं असतात, सबमर्सिबल पंपासोबत खोक्यात जी पुस्तिका येते ना, तीच. बऱ्याच जणांना वाटतं ती कुणी वाचत नाही, पण रात्री लाईट आल्यावर विहिरीवर जाऊन पंप चालू होत नाही म्हटल्यावर माणूस तीच उघडतो, मोबाईलच्या उजेडात, आणि तिथे जे लिहिलंय ते तो खरंच करून बघतो. म्हणून त्यात चुकीची ओळ जाणं मला सहन होत नाही. हा रिव्ह्यू त्यासाठीच आहे, कारण एकच मजकूर थोड्या थोड्या फरकाने तीन-चार पुस्तिकांत वापरायचा असेल तर कुठलं सॉफ्टवेअर वापरायचं हे मला मराठीत कुठेच नीट लिहिलेलं सापडलं नाही.

आधी अडचण काय ते सांगते. कंपनीचे पंप तीन तऱ्हेचे, सिंगल फेज, थ्री फेज ऑइल फिल्ड (मोटरमध्ये तेल भरलेलं) आणि थ्री फेज वॉटर फिल्ड (मोटरमध्ये पाणी भरलेलं). चाळीस पानांची पुस्तिका असेल तर तीसेक पानं तिन्हीत सारखी, पाईप कसा जोडायचा, केबल जॉइंट कसा करायचा, दोर कुठे बांधायचा, वॉरंटी. फरक असतो तो मोक्याच्या जागी. सिंगल फेजला पॅनलमध्ये स्टार्ट आणि रन कपॅसिटर असतात, थ्री फेजला प्रिव्हेंटर, म्हणजे एखादा फेज गेला तर मोटर बंद करणारं उपकरण. वॉटर फिल्ड मोटरमध्ये बोअरमध्ये सोडायच्या आधी स्वच्छ पाणी भरावं लागतं, ऑइल फिल्डला तसं काही करायचं नसतं. थ्री फेज पंप उलटा फिरत असला, पाणी कमी येत असलं, तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करायच्या की दिशा सुलट होते. आणि हेच सिंगल फेजवाल्याने केलं, म्हणजे रन, स्टार्ट, कॉमन या वायरींची जागा बदलली, तर वाइंडिंग जळू शकतं. म्हणजे जी ओळ एका पुस्तिकेत हवीच तीच दुसरीत गेली तर शेतकऱ्याची मोटर गेली.

सुरुवातीला मी सगळ्यांसारखंच करायचे, तीन वेगळ्या फाईली, कॉपी पेस्ट. सर्व्हिसचा फोन नंबर बदलला की तिन्हीत बदला, एकीत राहिलाच म्हणून समजा. मग मी लिब्रेऑफिस रायटरकडे, म्हणजे वर्डसारख्याच लिखाणाच्या सॉफ्टवेअरकडे, वळले, आणि आता हे माझं रोजचं हत्यार झालंय. फुकट आहे हे तर आहेच, ओपनऑफिसमधून २०१० साली वेगळा झालेला हा प्रकल्प, द डॉक्युमेंट फाउंडेशन चालवते, पण मी फुकट म्हणून नाही राहिले, मी राहिले ते सेक्शनमुळे.

सेक्शन म्हणजे मजकुराचा एक तुकडा, त्याला नाव द्यायचं. इन्सर्ट मेनूत सेक्शन वर क्लिक केलं की जी खिडकी उघडते तिच्यात तीन गोष्टी एकाच जागी आहेत आणि याच तीन गोष्टींवर सगळा खेळ आहे. एक लिंक, म्हणजे हा तुकडा दुसऱ्या फाईलमधून आण, आणि अख्खी फाईल नको असेल तर त्या फाईलमधला अमुक नावाचा सेक्शनच आण. दुसरं प्रोटेक्ट, म्हणजे इथे कुणी हात लावू नये. तिसरं हाईड, म्हणजे लपव, आणि त्याच्या खाली अट लिहायला जागा. अट खरी झाली की तुकडा गायब, पानांचे नंबर आपोआप मागे सरकतात, पीडीएफ काढली तर त्यात तो नसतोच.

इथेच पहिली गोष्ट लक्षात घ्या, कारण नवीन माणूस हमखास इथे अडकतो. सेक्शनची अट ही लपवायची अट आहे, दाखवायची नाही. थ्री फेजचा तुकडा असेल तर अट लिहायची 'फेज बरोबर ३ नसेल तर', म्हणजे phase != 3. आणि त्याच रायटरमध्ये कंट्रोल एफ२ दाबून फील्डच्या (म्हणजे मजकुरातली जी जागा रायटर स्वतः भरतं तिच्या) खिडकीत फंक्शन्सखाली जो कंडिशनल टेक्स्ट मिळतो त्याचं उलट आहे, तिथे अट खरी असेल तर पहिला मजकूर दिसतो आणि खोटी असेल तर दुसरा. हिडन टेक्स्ट आणि हिडन पॅराग्राफ परत सेक्शनसारखे, खरं असेल तर लपणार. एकाच सॉफ्टवेअरमध्ये दोन उलट रीती आहेत. मी भिंतीवर कागदच चिकटवून ठेवलाय, सेक्शन आणि हिडन म्हणजे 'लपव जर', कंडिशनल म्हणजे 'दाखव जर'.

आता अटीत जे 'फेज' म्हणतेय ते व्हेरिएबल, म्हणजे नाव देऊन ठेवलेली किंमत (पैसे नव्हे, आकडा), कुठून येतं. फील्डच्या त्याच खिडकीत व्हेरिएबल्सचा टॅब आहे, तिथे दोन प्रकार मिळतात आणि त्यांच्यातला फरक न कळल्यामुळे माझं जे व्हायचं ते झालं, ते पुढे सांगते. सेट व्हेरिएबल म्हणजे जिथे टाकलं तिथून खाली ती किंमत लागू, आणि खाली कुठे कुणी परत सेट केलं तर तिथून पुढे नवी किंमत. यूजर फील्ड म्हणजे अख्ख्या फाईलला एकच किंमत, वरून वाचा की खालून. नाव रोमन अक्षरात ठेवा, किंमत इंग्रजी आकड्यात, म्हणजे अटीत अवतरण चिन्हांची भानगड राहत नाही.

माझी पहिली रचना अशी होती की एक मास्टर डॉक्युमेंट, म्हणजे बाकीच्या फाईली एकत्र जोडणारी फाईल, जिचं एक्स्टेंशन ओडीएम असतं, त्याच्या अगदी वर सेट व्हेरिएबल, आणि खाली नॅव्हिगेटर नावाच्या खिडकीतून जोडलेली प्रकरणं, प्रत्येक प्रकरण वेगळी ओडीटी फाईल, म्हणजे रायटरची नेहमीची फाईल. आत प्रत्येक प्रकरणात सेक्शन, सेक्शनला अटी. मॉडेल बदलायचं तर वरचा एक आकडा बदला, अपडेट करा, पीडीएफ काढा. कागदावर फारच सुंदर. पण प्रकरण एकटं उघडून लिहिताना अट कळावी म्हणून मी त्या प्रकरणाच्या फाईलमध्येही वर एक सेट व्हेरिएबल टाकून ठेवलं होतं, ३ किंमत देऊन, कारण मी तेव्हा थ्री फेजचं लिहीत होते. हे प्रकरण मास्टरमध्ये आलं की काय होणार, मास्टर म्हणतोय १, त्याच्या खाली प्रकरण म्हणतंय ३, आणि सेट व्हेरिएबलचा नियमच आहे की खालचं पुढे चालणार. म्हणजे पहिली दोन प्रकरणं सिंगल फेजची आणि दोष निवारणाचं प्रकरण थ्री फेजचं.

मी मुखपृष्ठ बघितलं, अनुक्रमणिका बघितली, पहिली पाच-सहा पानं बघितली, सगळं सिंगल फेज. पीडीएफ प्रेसला पाठवली. ५०० प्रती छापून खोक्यात भरायला सुरुवात पण झाली आणि कंपनीच्या सर्व्हिसमधल्या मिस्त्रींचा फोन आला, 'अवो मॅडम, ह्ये सिंगल फेजच्या पुस्तकात दोन वायरी बदला म्हणून कुणी लिवलंय? मोटर जाळताय काय लोकांची?' पोटात गोळा आला माझ्या. नशीब की एकही खोकं कंपनीच्या बाहेर पडलं नव्हतं. ते पान परत छापून दिलं, खर्च मी केला, आणि दोन दिवस बसून त्या मिस्त्रींनी आणि मी सगळी पुस्तिका ओळ न ओळ वाचली. सॉफ्टवेअरने त्याच्या नियमाप्रमाणेच केलं होतं, नियम मी वाचला नव्हता. पण एक सांगते, हा नियम स्क्रीनवर कुठेच दिसत नाही, आणि ज्याच्यावर छापील मजकूर ठरतो तो नियम असा लपलेला असावा हे मला अजून पटत नाही.

त्यानंतर मी रचनाच बदलली आणि आता जी आहे ती मी कुणालाही डोळे झाकून सांगीन. मास्टर डॉक्युमेंट सोडून दिलं. तीन साध्या ओडीटी फाईली केल्या, मी त्यांना खोकं म्हणते, एक सिंगल फेजचं, दोन थ्री फेजची. प्रत्येक खोक्याच्या पहिल्या पानावर यूजर फील्ड, त्याची किंमत त्या खोक्यात कायमची, ती कधी बदलायचीच नाही. मजकूर सगळा वेगळ्या फाईलींमध्ये आणि खोक्यात फक्त लिंक केलेले सेक्शन. आणि मोठा फरक असेल, म्हणजे पूर्ण पान, पूर्ण कृती, तर तिथे अट लावायचीच नाही. सिंगल फेजच्या खोक्यात 'वायरी अदलाबदल' हा सेक्शन जोडलेलाच नाही, मग तो लपायचा विसरायचा प्रश्नच कुठे येतो. अट राहिली ती फक्त ओळीपुरती, वाक्यापुरती. म्हणजे 'पुरवठा २३० व्होल्ट' की '४१५ व्होल्ट', 'पॅनल' की 'स्टार्टर', एवढ्यासाठी कंडिशनल टेक्स्ट. आणि प्रकरणाच्या फाईलमध्ये त्याच नावाचं यूजर फील्ड असलं तरी ते खोक्यात आल्यावर खोक्याची किंमत घेतं, कारण एका फाईलमध्ये एका नावाला एकच किंमत आणि खोक्यात ती आधीच ठरलेली असते. त्यामुळे प्रकरण एकटं उघडून लिहितानाही अडत नाही. फक्त खोक्यात ते फील्ड प्रत्यक्ष पानावर टाकून ठेवा. मी मुखपृष्ठावर 'फेज:' असं लिहून शेजारी तेच ठेवते, म्हणजे पीडीएफ बघणाऱ्यालाही पहिल्याच पानावर कळतं कुठलं खोकं आहे.

या रचनेचा दुसरा फायदा म्हणजे स्टाईल, म्हणजे मथळा, मजकूर अशा प्रकारांना नाव देऊन ठरवलेलं रूप. लिंक होऊन आलेला मजकूर खोक्याच्या स्टाईल घेतो, नाव सारखं असलं की झालं. म्हणून प्रकरणाच्या फाईलमध्ये मी कसंही लिहिते, आणि खोक्यात मथळा, मजकूर, इशारा यांचा फॉन्ट ठरलेला, सगळीकडे सारखा. देवनागरीवाल्यांसाठी इथे एक गोष्ट महत्त्वाची आहे, रायटर इंग्रजी मजकुराचा फॉन्ट वेगळा ठेवतं आणि देवनागरीसाठी कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटचा वेगळा. स्टाईलमध्ये तुम्ही इंग्रजीचाच फॉन्ट बदललात तर मराठीला काही फरक पडत नाही आणि माणूस अर्धा तास डोकं खाजवतो. ऑप्शन्समध्ये लँग्वेजखाली कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू केलं की स्टाईलमध्ये त्याचा वेगळा रकाना दिसतो, तिथे बदला. मी मुक्ता वापरते, बारीक छपाईतही जोडाक्षरं स्वच्छ येतात, आणि पुस्तिका लहान आकाराची असते म्हणून हे फार जाणवतं.

आता जे खटकतं ते.

टेबल. तांत्रिक माहितीच्या टेबलमध्ये एखादी ओळ एका मॉडेलला हवी आणि दुसऱ्याला नको असं सारखं होतं, आणि सेक्शन टेबलच्या एका ओळीभोवती घालता येत नाही, अख्ख्या टेबलभोवतीच घालावा लागतो. सेलच्या आत सेक्शन घालता येतो, पण त्या सेलमध्ये दुसरं काहीच नसेल तर तो लपत नाही, आणि लपला तरी ओळ रिकामी उरतेच. मी शेवटी प्रत्येक मॉडेलचं टेबल वेगळं केलं. तीन टेबलं सांभाळायची म्हणजे परत कॉपी पेस्टच झालं की, एवढ्यापुरतं तरी. यावर मला अजून चांगला उपाय मिळालेला नाही.

दुसरं, काय कुठल्या अटीखाली आहे ते नजरेला दिसत नाही. सेक्शनभोवती एक फिकट रेघ असते एवढंच. फ्रेममेकर, म्हणजे मोठ्या मॅन्युअलसाठीचं विकतचं सॉफ्टवेअर, ज्यांनी वापरलंय त्यांना माहितीय, तिथे प्रत्येक कंडिशन टॅगला, म्हणजे अटीच्या खुणेला, रंग असतो, थ्री फेजचा मजकूर निळा, सिंगलचा हिरवा, पान बघितलं की कळतं. इथे तुम्हाला कंट्रोल एफ९ दाबून फील्डची नावं बघावी लागतात नाहीतर फॉरमॅट मेनूतल्या सेक्शन्समध्ये जाऊन एकेक निवडून अट वाचावी लागते. म्हणून मी सेक्शनची नावंच बोलकी ठेवते, 'वायरिंग थ्री फेज', 'पाणी भरणे वॉटर फिल्ड' अशी. सेक्शन१, सेक्शन२ असं आपोआप मिळालेलं नाव ठेवलंत तर सहा महिन्यांनी तुमचं तुम्हालाच कळणार नाही.

तिसरं, लिंक केलेला सेक्शन जर प्रोटेक्ट केला नाही तर तुम्ही खोक्यातच बसून मजकूर सुधारू शकता, आणि पुढच्या अपडेटला ती सुधारणा पुसली जाते, कारण मूळ फाईलमधून जुनाच मजकूर परत येतो. म्हणून लिंक केलं की त्याच खिडकीत प्रोटेक्टवर टिक, हे हाताला लावून घ्या. आणि फाईल उघडताना वर पिवळी पट्टी येते की बाहेरच्या लिंक अपडेट करणं बंद आहे, तिथे परवानगीचं बटण दाबलं नाही तर तुम्ही जुनाच मजकूर बघत बसता. हे सुरक्षेसाठी आहे, ते ठीकच आहे, पण घाईत ती पट्टी बंद करायची सवय लागते आणि तीच सवय महागात पडते. मी पीडीएफ काढायच्या आधी टूल्समध्ये अपडेट, त्यात अपडेट ऑल, हे केल्याशिवाय एक्सपोर्टला हातच लावत नाही.

फोल्डर पेनड्राइव्हवर नेलं तर लिंक तुटतात का हे बरेच विचारतात. लोड सेव्हच्या ऑप्शनमध्ये पत्ते फाईल सिस्टमच्या संदर्भाने सेव्ह करायचं टिक आहे, ते चालू असेल आणि अख्खं फोल्डर जसंच्या तसं नेलं तर नाही तुटत. एखादीच फाईल नेली तर तुटणारच. तुटली तर एडिट मेनूत बाहेरच्या फाईलींच्या लिंकची यादी मिळते, तिथून नवा पत्ता देता येतो.

आणि एक फार महत्त्वाचं, लपवलेला मजकूर फाईलमध्ये असतोच. ओडीटी म्हणजे आतून झिप फाईल, उघडून बघणाऱ्याला सगळं दिसतं. एका क्लायंटचा डीलर रेट मी एका लपवलेल्या सेक्शनमध्ये ठेवायचा विचार करत होते, बरं झालं ठेवला नाही. बाहेर जायचं ते पीडीएफच. वर्डच्या डॉकएक्समध्ये सेव्ह करून पाठवायचं तर या अटींचा भरवसा धरू नका, सेक्शन लपवायची ही पद्धत वर्डकडे अशी नाहीच. वर्डमध्ये हेच काम इफ फील्ड (अट तपासणारं) आणि इन्क्लूडटेक्स्ट (दुसऱ्या फाईलमधला मजकूर आणणारं) वापरून होतं, कंट्रोल एफ९ ने महिरपी कंस टाकून त्यात लिहायचं, आणि जमतंही, पण कंसात कंस गेले की एक कंस कुठे राहिला ते शोधता शोधता संध्याकाळ होते. ज्यांना आधीपासून त्याची सवय आहे त्यांनी तिथेच राहावं, बदलायची सक्ती नाही.

फ्रेममेकरबद्दल विचाराल तर शेकडो पानांची मॅन्युअल, दहा-बारा मॉडेल, तीन-चार लेखक असं काम असेल तर ते घ्या, पैसे वसूल होतात. पण तिथेही अटींच्या सेटिंग प्रत्येक फाईलमध्ये वेगळ्या असतात, पुस्तकातल्या सगळ्या फाईलींना सारख्या करायच्या तर एका फाईलमधून इम्पोर्ट फॉरमॅट्स करून पसरवाव्या लागतात, आणि एखादी फाईल निसटली तर माझ्या त्या वायरींसारखाच प्रकार होऊ शकतो. म्हणजे महागडं घेतलं की डोळे मिटून बसलं असं नाही. माझ्यासारखं एकटीने, चाळीस-पन्नास पानं, तीन-चार प्रकार, एवढ्यासाठी रायटर भरपूर झालं. क्लासवाल्यांनाही सांगीन, विद्यार्थ्यांची प्रत आणि उत्तरांसकट शिक्षकांची प्रत एकाच मजकुरातून काढायची असेल तर दोन खोकी करा आणि उत्तरांचे सेक्शन फक्त शिक्षकांच्या खोक्यात जोडा.

छापायच्या आधी मी अजून एक गोष्ट करते आणि तिला पर्याय नाही. प्रत्येक पीडीएफमध्ये त्या मॉडेलला निषिद्ध असलेले शब्द शोधते. सिंगल फेजच्या पीडीएफमध्ये 'प्रिव्हेंटर', 'अदलाबदल', '४१५' हे शब्द सापडता कामा नयेत. थ्री फेजमध्ये 'कपॅसिटर' नको. ऑइल फिल्डमध्ये 'पाणी भरा' नको. ही यादी त्या मिस्त्रींनीच मला सांगितली, एका कागदावर पेनाने लिहून, आणि तो कागद मी लॅमिनेट करून घेतलाय. शोधायला पाच मिनिटं लागत नाहीत.

पाचपैकी चार तारे देते. एक तारा टेबलसाठी आणि न दिसणाऱ्या अटींसाठी कापलाय.

आता बेळगाव, चिकोडीकडे माल जातो म्हणून कंपनीला कन्नड पुस्तिका हवीय. खोक्यांची रचना तीच ठेवली, प्रकरणांच्या फाईलींचं कन्नड फोल्डर वेगळं केलं आणि निपाणीच्या एका शिक्षिका भाषांतर करतायत. काल केबल जॉइंटचं पहिलं प्रकरण सिंगल फेजच्या खोक्यात जोडून बघितलं, २३० बरोबर आलं. निषिद्ध शब्दांची यादी मात्र त्यांच्याकडून कन्नडमध्ये लिहून घ्यायची राहिलीय, ती मिळेपर्यंत प्रेसला काही जाणार नाही.